तिसरा फर्मा आधी

“हे पुस्तक परत घ्या. आणि हे मला आधी वाचायला ज्यांनी सांगितलं, त्यांना बोलवा.”

वाचनालयाच्या बाई रजेवर होत्या. त्यांच्या टेबलामागे एक तरुण पुस्तक शिवत बसला होता. बोटांना खळ, दातात दोरा.

“बाई नाहीत. मी बाइंडर,” तो दातांतल्या दोऱ्यासकट म्हणाला.

“आधी तो दोरा तोंडातून काढा. दात झिजतात.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी दातांचीच डॉक्टर आहे. माझ्यासमोर माणसं तोंड उघडतात आणि उलट बोलू शकत नाहीत. मला तीच सवय आहे.”

त्यानं दोरा काढला. हसला मात्र डोळ्यांनी... आणि माझा पारा आणखी चढला.

चर्चच्या मागच्या त्या वाचनालयात मी भक्तीपोटी जात नव्हते, रागापोटी जात होते. माझी ताई, आई गेल्यावर जिनं माझ्या वेण्या घातल्या ती, मठात गेली होती. पुन्हा कधी बाहेर न येणाऱ्या नन्सच्या मठात. रविवारी ती कायमची शपथ घेणार होती. मी येणार नाही, असं तिला ठणकावून सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, “का जातेय ते मला सांगता येत नाही गं. ज्यांना सांगता आलंय, त्या जुन्या संतांना वाच. मग ये भांडायला.” कुणाला आधी वाचू, कुठून सुरुवात करू, ते सांगितलं नाही. हे तिचं नेहमीचंच.

“काय बिघडलं या पुस्तकाचं?” बाइंडरनं विचारलं.

“यात देवाला पानोपानी प्रियकर म्हटलंय. माझी बहीण नेली त्यानं, आणि वर मी त्याचं कौतुक वाचू? त्याआधीच्या पुस्तकात प्रार्थनेच्या पायऱ्या होत्या. पहिल्याच पायरीवर राग सोडा म्हणे.”

“मग सोडायचा.”

“राग सोडला तर ताईचं माझ्याजवळ उरतं काय?”

हे मला बोलायचं नव्हतं. मग त्यानं मागच्या फळीवरून एक पुस्तक काढलं, हातानं पुसलं आणि पुढे केलं. “कालच शिवलंय. कुणा जुन्या काळच्या ननचं. मी वाचलेलं नाही. पण शिवताना एक ओळ दिसली... आणि सुई बोटात गेली.”

“कुठली ओळ?”

“वाचा की.”

घरी पोचल्यावर खांद्यावरची पिशवीही न काढता मी ते उघडलं. पहिलंच वाक्य होतं – ‘तू मला हाक मारलीस, आणि मी आले तर आतून कडी लावलीस.’ पुढची पानंच्या पानं ती बाई देवाशी भांडत होती. त्याला लबाड म्हणत होती. निघून जाते म्हणत होती आणि पुन्हा दाराशी येत होती. हे मला कळत होतं. माझ्याच घरातलं कुणी बोलत असल्यासारखं कळत होतं. मी रडले, आणि रडले म्हणून स्वतःवर चिडले.

आणि भर भांडणात पान उलटलं तर – प्रस्तावना. ‘वाचकानं शांत मनानं आरंभ करावा...’

दुसऱ्या दिवशी मी तडक त्याच्या टेबलाशी. “हे काय शिवलंय?”

त्यानं पुस्तक चाळलं. चेहरा पडला. “सोळा-सोळा पानांचे गठ्ठे असतात, त्यांना फर्मे म्हणतात. तिसरा फर्मा आधी लागला, पहिला नंतर. असं कधी होत नाही माझ्याकडून.”

“मग आत्ताच का झालं?”

“परवा तुम्ही बाईंशी भांडत होतात. त्या पायऱ्यांच्या पुस्तकावरून. मी आत शिवत होतो...” तो खळ लागलेल्या बोटांकडे बघत म्हणाला, “म्हणजे, ऐकत होतो.”

“चोरून?”

“दाराशी स्टूल ओढून.”

मला हसू येत होतं. मी ते गिळलं.

“द्या, उसवून नीट लावतो.”

मी पुस्तक छातीशी धरलं. “हात लावाल तर याद राखा. प्रस्तावना आधी असती तर मी हे तिथेच मिटलं असतं.”

तो म्हणाला, “रविवारी ताईंच्या शपथेला जाणार ना? तेही ऐकलं होतं परवा. मी येऊ?”

“माझी भांडणं मी एकटी करते.”

“मी फाटकाशी थांबेन.”

रविवारी शपथेआधी ताई मठातल्या भेटीच्या जाळीपलीकडे आली. केस झाकलेले. हसू मात्र तेच.

“मी अजून रागावलेय,” मी म्हटलं. “तुझ्यावर. त्याच्यावरही.”

“ठाऊक आहे. कुठून सुरुवात केलीस?”

“भांडणापासून. बाइंडरनं फर्मा चुकवला.”

ताई तोंडावर हात धरून हसली, आमच्या स्वयंपाकघरात हसायची तशी. मी जाळीतून बोटं घातली. तिनं ती घट्ट धरली. तिचेही डोळे भरले होते. आतून कडी लावताना तिलाही जड गेलं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

“मी येत राहीन. भांडायला.”

“ये. आणि फाटकाशी तो कोण उभा आहे गं?”

“कुणी नाही.”

“बरं,” ताई म्हणाली, आणि शपथ घ्यायला गेली. मी शेवटपर्यंत बसले.

बाहेर आले तेव्हा तो खरंच तिथेच होता.

“भांडलात?”

“हो. आणि राग गेलेला नाही. तुमच्यावरचाही.”

“मी काय केलं आता?”

“तुम्ही मला आवडता.” रागातच निघून गेलं तोंडातून. “ओळखपाळख राहिली बाजूला, आधी नुसती भांडणं झाली, आणि हे मी आत्ता सांगतेय.”

तो कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे... इथेही फर्मा चुकला. उसवून पहिल्यापासून लावू?”

मी त्याचा खळीनं खरखरीत झालेला हात धरला.

“उसवून तर बघा,” मी म्हटलं.