छपरावरची सून

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण माझे माणिकमामा थापा मारणाऱ्यांतले नव्हते, आणि हे त्यांच्याच टेबलावर घडलं.

सप्टेंबर १९८०. लखनऊ. आणि वेळ रात्रीची नाही, टळटळीत दुपारची.

मामा मूळचे नागपूरचे, नोकरी लखनऊच्या एका सरकारी कचेरीत. घाघरा नदीला पूर आला होता. विमानातून काढलेले फोटो बघून कोणतं गाव रिकामं झालं ते सांगायचं, हे मामांचं काम. त्यांनी ‘निर्मनुष्य’ लिहिलं, की तिकडे होडी जात नसे.

एकाच जागेचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचे. वर दोन भिंगांचं यंत्र. डावा डोळा एका फोटोवर, उजवा दुसऱ्यावर. मग झाडं वर उठतात, खड्डे खोल जातात.

त्या दुपारी एक बुडालेलं गाव भिंगाखाली होतं. पाणी पार छपरांना टेकलेलं.

आणि एका छपरावर... बाई.

हात वर केलेला.

मामांनी एक डोळा मिटला. बाई नाही. दुसरा मिटला. तरी नाही.

दोन्ही उघडले...

आहे.

पहिला संशय शेजारच्या टेबलावरच्या हरिहरबाबूंवर. हा गृहस्थ उठल्यासुटल्या थट्टा करायचा. मामांनी दोन्ही फोटो उन्हात धरून पाहिले. साधा ओरखडाही नव्हता.

मामांनी होडी पाठवायला लावली. ती हात हलवत परत आली. छप्पर रिकामं होतं.

साहेब भडकले. “उधर लोग पेड़ों पर बैठे हैं, और आप नाव को सैर पर भेज रहे हैं?”

“माणिकबाबू, चश्मा बनवा लीजिए,” हरिहरबाबू हसले.

मामा चडफडत पुन्हा भिंगाशी बसले. इतका वेळ नजर फक्त बाईवर होती. आता गावाबाहेरचा पिंपळ दिसला...

पिंपळ खड्ड्यासारखा खोल गेला होता.

फोटो उलटे लागले होते. डावा उजवीकडे. असं झालं की उंच ते खोल दिसतं आणि खोल ते उंच. पण मामांनी सकाळी स्वतः ते नीट लावले होते.

त्यांनी फोटो सरळ केले. पिंपळ वर आला. बाई नाहीशी झाली.

उलट्या फोटोत जी छपरावर दिसली, ती खरी कुठे असणार?

छपराखाली.

साहेबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले त्यांनी. “नौकरी ले लीजिए साहब, पर छप्पर खुलवाइए.”

छप्पर फोडलं. आत पाण्यात त्या घरची सून होती. फोटो काढले त्याच्याही आधी ती गेलेली होती, असं डॉक्टर म्हणाले.

वर माळ्यावर तिची सासू. जिवंत.

म्हातारीला बाहेर काढलं, तेव्हा ती सुनेबद्दल पुटपुटत होती, “बहुरिया ऊपर गई है... नाव बुलाने.”

फोटोंना हात लावला नाही, अशी हरिहरबाबूंनी पोराची शपथ घेतली. मामांनी ती कधीच मानली नाही. मानली असती तर मग फोटो उलटे कोणी लावले, हा प्रश्न उरला असता.

मला मात्र वेगळीच गोष्ट खाते.

फोटोंच्या त्या गठ्ठ्यात आधीच ‘निर्मनुष्य’ लिहून झालेली बरीच गावं होती. ती सगळी मामांनी सरळ लावून बघितली होती.

उलटी लावून एकही नाही.

“मग नंतर का नाही बघितली?” मी एकदा विचारलं.

“पाणी ओसरलं होतं रे तोवर,” मामा म्हणाले.