अंबरपेठेत आलेली पेटी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सत्यवती मावशीच्या घरात घडलेली. मी त्यात पदरचं काही घातलेलं नाही. घालायची हिंमतही नाही.

जागा हैदराबादेतलं अंबरपेठ. गेल्या वर्षीचा एप्रिल, मंगळवार, दुपारी दोनचा सुमार. बाहेर रणरणतं ऊन.

आदल्याच दिवशी कुलदीपचं तेरावं झालं होतं.

कुलदीप मावशीचा एकुलता मुलगा. सव्वीस वर्षांचा. परदेशात गोदामात हेल्परची नोकरी आहे, असं सांगून एका एजंटानं त्याला नेलं. तिथं पोचल्यावर हातात बंदूक दिली आणि थेट आघाडीवर पाठवलं. ज्या युद्धाच्या बातम्या लागल्या की मावशी चॅनल बदलायची, त्याच युद्धात. सात महिने त्याचे फोन येत राहिले.

मग बंद झाले.

मग एक पेटी आली.

पेटीतली काळी पिशवी उघडायची नाही, असं बजावलं होतं.

“निदान पाय तरी बघू दे रे त्याचे,” मावशी म्हणाली.

“नको अक्का,” तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा भगवंतमामा म्हणाला. “विमानतळावर बघून सही केली ना मी? बस झालं.”

तशीच अग्नी दिली.

तर त्या मंगळवारी मावशी घरात एकटी होती. मुलगी निशिगंधा कुकटपल्लीला ऑफिसात गेली होती.

पायरीवर आवाज झाला…

धप. धप.

कुणी बुटांचा चिखल झाडावा तसा.

मावशीनं दार उघडलं. कुणी नाही. गल्लीत चिटपाखरू नाही. पायरीवर मात्र काळा, ओला चिखल पडला होता. तिनं हात लावून पाहिला. बर्फासारखा गार.

एप्रिलमध्ये. हैदराबादेत.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ. या खेपेला आवाज कुलदीपच्या खोलीतून आला. थंडीनं कुणाचे तरी दात वाजत होते. मावशी आत गेली. खिडकी बंद, पंखा बंद. खोलीत कुणी नाही. भिंतीवरच्या आरशावर वाफ धरली होती…

आणि हाक आली.

“मामा…”

अगदी हळू. जवळून.

मावशीनं भावाला फोन लावला. गुरुवारी तारनाक्याहून भगवंतमामा आला. दोघं खोलीच्या दाराशी उभे राहिले.

दोन वाजले.

“मामा…”

भगवंतमामा तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.

“मलाच बोलावतोय अक्का. तो एजंट मीच गाठून दिला होता ना… कुलदीप, बेटा, माफ कर रे मला!”

आतून कुणीतरी बोलायला लागलं. लांबलचक, रडवेलं बोलणं. मराठी नाही, तेलुगू नाही, उर्दू नाही.



तो आवाज कुलदीपचा नव्हता.

शनिवारी निशिगंधानं विकासला घरी आणलं. हा कुलदीपसोबतच गेलेला मुलगा, जखमी होऊन परत आलेला. उजव्या हाताची तीन बोटं गेलीत. कुकरची शिट्टी झाली तरी दचकतो. दोन वाजता तोही त्या दाराशी उभा राहिला. ऐकता ऐकता पांढराफटक पडला.

“काकू… तिकडे आईला मामा म्हणतात.”

भगवंतमामाही आला होता; त्यानं चमकून विकासकडे पाहिलं.

“खंदकात रोज ऐकायचो मी. जखमी पोरं हीच हाक मारायची. ह्या बाजूची पण, त्या बाजूची पण.”

“आणखी काय म्हणतोय?” मावशीनं विचारलं.

“थंडी वाजते म्हणतोय. आत घे म्हणतोय.”

मावशी भावाकडे वळली.

“भगवंता, खरं सांग. काय बघितलंस तू विमानतळावर?”

भगवंतमामानं मान खाली घातली.

“चेहरा नव्हताच अक्का. केस… केस पिवळे होते. वाटलं, कसल्या औषधानं झाले असतील. कागदावर नाव कुलदीपचंच होतं. तू दोन महिने धड जेवली नव्हतीस. म्हटलं, एकदाचं संपू दे तुझं वाट बघणं.”

मावशी ओरडली नाही.

“कुणाचं लेकरू जाळलं रे आपण?” ती म्हणाली. “आणि माझं कुठं आहे?”

त्या संध्याकाळी तिनं कुलदीपच्या फोटोचा हार काढला. माझा मुलगा जिवंत आहे, असं ती सगळ्यांना सांगायला लागली. निशिगंधानं कुठं कुठं अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. भावाशी मावशी अजून बोलत नाही.

दुपारी दोनला ती त्या खोलीचं दार उघडते. पलंगावर गोधडी अंथरते. “ये बाबा,” म्हणते. संध्याकाळी गोधडी ओली असते. ती गच्चीवर वाळत घालते.

“आई, घर बदलू या,” निशिगंधा कितीदा म्हणाली.

“नक्को. ह्याला दुसरं दार माहीत नाही.”

वर्ष झालं. हाक रोज तीच.

गेल्या गुरुवारपर्यंत.

गुरुवारी मावशी गोधडी अंथरून उंबऱ्यात बसली होती. दोन वाजले. दोन वाजून पाच मिनिटं झाली. काहीच नाही… मग कुणीतरी श्वास घेतला…

“आई…”

आवाज तोच. त्या परक्या मुलाचा. पण शब्द आपला. अडखळत उच्चारलेला, कुणी नुकताच शिकवलेला असावा तसा.

निशिगंधाला तिनं हे सांगितलेलं नाही. मला सांगितलं, फोनवर, दबक्या आवाजात. म्हणाली, सारखं “आई, आई” म्हणत होता, आणि मधेच थांबायचा… शेजारी उभ्या कुणाला तरी विचारून घेतल्यासारखा.

“त्याला हा शब्द कुणी शिकवला रे?” तिनं विचारलं.

तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा मी फोन ठेवून दिला.

आता मी तिला सकाळीच फोन करतो. दुपारी नाही.