चार बोटं कमी

"हा माझा बाप नाही," लोहाराची मुलगी म्हणाली.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहालयातलं कपाट उघडं होतं. सुतळीचं एक टोक तिनं सांगाड्याच्या टाचेशी धरलं होतं. कपाटाबाहेरून ताणलेलं दुसरं टोक कवटीच्या चार बोटं वर गेलं.

"भट्टीच्या चौकटीवर बाबांच्या उंचीची खूण आहे. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी नातवंडांनी केलेली. त्या मापाची ही सुतळी."

तिनं बोलावलेला खाजगी तपासनीस खिशातून भिंग काढत होता. या भिंगामुळेच लोक त्याला भिंगवाले म्हणत. सोबत त्याचा मेहुणा होता.

"दाजी, नाकही नाही याला," मेहुणा कुजबुजला. "फोटोत ह्यांच्या बाबांचं नाक केवढं मोठं आहे!"

"नाकाचं टोक कुणाच्याच सांगाड्यात उरत नाही. ते कूर्चेचं असतं. कान दुमडून सोड. वाकून परत सरळ होतं ना, तीच कूर्चा."

मेहुणा कान दुमडत बसला.

"आणखी काय पटत नाही?" भिंगवाल्यांनी मुलीला विचारलं.

"डावा हात. पहिलीत असताना झाडावरून पडून मोडला होता. इथं साधी रेघही नाही."

"म्हातारपणी काही दुखणं?"

"डावा गुडघा. जिना चढताना करकर वाजायचा. तरी घण सोडला नाही. पोरवयापासूनचा हात तो." तिनं सुतळी बोटाला गुंडाळली. "देहदान बाबांची इच्छा होती. भाऊ विरोधात होते, मी भांडले. आता घरी काय सांगू? बाप हरवला?"

विभागप्रमुख बाई घड्याळ बघतच आत आल्या.

"घोटाळा असेल तर सांगाडे जुळवणाऱ्या कारागिराचा. गुडघ्याला वार्निश फासलंय त्यानं, बघा. आजच त्याला घरी पाठवते."

कारागीर दारातच उभा होता.

"वार्निश नाही लावलं, मॅडम. हाड आलं तेच चकाकत. इतर कुणाचंही हाड यात नाही."

"मग उंची कशी घटली?" भिंगवाल्यांनी विचारलं.

कारागिराची नजर कपाटाच्या छताकडे गेली आणि लगेच खाली आली. कवटी आणि छत यांच्यात पोस्टकार्डही गेलं नसतं.

भिंगवाले पाठीच्या कण्यापाशी वाकले. दोन मणक्यांमध्ये नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या होत्या. कोटाच्या कापडाइतक्या पातळ. मग त्यांनी दोन्ही दंडांची हाडं आळीपाळीनं मुठीत धरली.

"ताई, इकडे या," ते हळूच म्हणाले. "तुमचे बाबा हरवलेले नाहीत."

"आणि चार बोटं?"

"मणक्यांमध्ये कूर्चेच्या गाद्या असतात. धक्के त्याच झेलतात. कण्याच्या उंचीचा पाव हिस्सा त्यांचाच. सांगाडा करताना त्या जातात, त्यांच्या जागी नमदा बसवतात. कपाट बुटकं म्हणून यांनी नमदा पातळ केला. खरं ना?"

"मोठं कपाट मागितलं होतं," कारागीर पुटपुटला. "आहे त्यात बसवा म्हणाले."

विभागप्रमुख बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"हाताच्या मोडीचं काय?" मेहुण्यानं विचारलं.

"पहिलीतल्या मुलाचं हाड वाढत असतं. जुनं काढून नवं भरत ते मोड पार पुसून टाकतं."

"मग हे बाबाच कशावरून?" मुलीनं विचारलं.

"गुडघ्यावरून. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला की हाडावर हाड घासतं. करकर वाजतं आणि आरशासारखं चकाकतं. तोही डावाच. वार्निश नाही, बाई, हे एका माणसाचं चालणं आहे." त्यांनी मुलीचा हात धरून आधी डाव्या दंडाच्या हाडावर ठेवला, मग उजव्या. "काय वाटतं?"

"हे... केवढं जाड आहे."

"जिवंत हाड दगडासारखं स्वस्थ बसत नाही. जोर पडेल तिथं भर घालत जातं. पोरवयापासून मारलेला घणाचा एकेक घाव तुमच्या मुठीत आहे."

मेहुण्याचा हात नकळत स्वतःच्या दंडाकडे गेला होता. मुलीनं कपाळ त्या हाडाला टेकवलं.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि सुतळी कारागिराच्या हातात दिली.

"या मापानं उभे करा त्यांना."

"कपाट पुरणार नाही, ताई."

"कपाट माझे भाऊ करतील," ती म्हणाली. "लोखंडाचं. त्यांनाही आधी इथं आणते. हा दंड त्यांनीही धरून बघायला हवा."