दिवे लागायच्या आत

उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत नवरा भेटला यात खरं तर नवल काहीच नाही. जिनेंद्र तिथल्याच एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. पण त्या दिवशी सासूबाईंच्या घरघंटीची मोटर दुरुस्तीला देऊन मी परत निघाले होते, पाऊस भुरभुरत होता, आणि हे गेटबाहेरच्या कट्ट्यावर चिंचेखाली एकटेच बसून भाकरी खात होते... मांडीवर सकाळचाच डबा.

मी स्कूटी थांबवली. मला बघून असे दचकले, जणू चोरून सिगरेट ओढताना सापडले.

"हितं काय कराय लागलायसा?"

"जेवतोय की. दिवस मावळायच्या आत."

आमच्या जैनांच्या घरात दिवे लागायच्या आत जेवणं उरकतात. हे तेवढे अपवाद. आठला घरी येणार, म्हणून त्याआधी मी आवरलेला ओटा पुन्हा मांडणार, भाकरी थापणार, पुन्हा भांडी घासणार. या चातुर्मासात मात्र त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. कँटीनमध्ये खाऊन येतो म्हणाले. लेकाला धर्म आठवला म्हणून सासूबाईंनी मंदिरात सगळ्यांना सांगितलं.

"आणि कँटीन?"

"चारलाच बंद होतंय."

"म्हणजे दुपारच्या डब्यातलंच राखून ठेवताय? रोज?"

"तुझी भाकरी गार बी बरी लागती."

"थापा नका मारू." मी शेजारी बसले. त्यांच्या शर्टाला जळक्या वाळूचा वास होता. "देवासाठी एवढं कधीपासनं?"

ते बोटानं डब्यातली चटणी पुसत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "देवाला कशाला मधी आणतीस... तुझी वही वाचली मी. कपाटावरची. उन्हाळ्यात पंखा पुसताना घावली."

निपाणीला कॉलेजात असताना लिहायला घेतलेली कादंबरी होती ती. लग्न ठरलं आणि अर्ध्यात सुटली. पुढं घर, लेक, आजारपणं... कपाटावर काय ठेवलंय याची मला आठवणही नको झाली होती.

"ती रचना कोगनोळीच्या नाक्यावर उतरती," ते म्हणाले, "शिवराजची वाट बघत हुबी ऱ्हाती... आणि फुडं पानं कोरी. लई जीव लागलाय गं मला तिचा. येतोय का न्हाय त्यो?"

"मला काय माहीत. विसरले मी."

"म्हणून म्हटलं, संध्याकाळचा एक तास मोकळा मिळाला तर लिहिशील."

"मग मला सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं असतं, तर तुला ते बी एक कामच झालं असतं."

मला रडू यायला लागलं, आणि रागही आला. "त्या तासाला मी काय करते ठावं हाय? कपड्यांच्या घड्या घालते. न्हायतर भिंतीला टेकून नुसती बसते. लई दमते हो मी."

"ठावं हाय की. बसत जा. बसायला बी हाय त्यो तास."

असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं, माहेरीसुद्धा नाही. मी त्यांच्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. चांगलीच वातड झाली होती.

घरी पोचले तोवर दिवे लागायला आले होते, घरच्यांची जेवणं उरकली होती. सासूबाई दोरीवरचे कपडे काढून ढीग घेऊनच आल्या. "दिव्या, एवढ्या घड्या घाल गं."

"आई, उद्या घालते. मला लिहायचंय."

"काय लिहायचंय?"

"गोष्ट."

त्या ढीग पलंगावर टाकून टीव्ही लावायला गेल्या.

दीड तासात सहा ओळी झाल्या, त्यातल्या दोन खोडल्या. मान दुखायला लागली. रचना अजून नाक्यावरच होती, पण आता तिलाही भूक लागली होती, पाय दुखत होते, आणि कॉलेजातल्या माझ्यापेक्षा ती बरीच शहाणी झाली होती.

आठला हे आले. दारातच वाकून बूट काढत म्हणाले, "आला व्हय त्यो?"

"न्हाय अजून," मी म्हणाले. "पण तुम्ही मला लई आवडताय."

त्यांचा हात लेसवरच थांबला. कान लाल झालेले मला बसल्या जागेवरून दिसत होते.

"अकरा वर्षं झाली लग्नाला," ते म्हणाले. "आत्ता सांगतीस व्हय?"

"आधी वेळ कुठं होता?"