डावीकडे नजर

"शाळेच्या परेडचे पास दोनच मिळालेत गं..." दादा दुकानाच्या दारातूनच म्हणाला. आत आला नाही, बसला नाही, नजर शिलाई मशीनच्या चाकावर. "परेड चोख झाली की पहिल्या तुकडीच्या प्रमुखाला मानाचा पट्टा मिळतो, यंदा तो आपल्या ठकीचा ठरलाय. तो आईनं बांधायचा असतो. तुला वाईट नाही ना वाटणार?"

"चल, काहीतरीच! मला कशाला वाईट वाटेल?" आत्या हसली. "हा एवढा कामाचा ढीग पडलाय! आणि पट्टा वहिनींनी नाही बांधायचा तर कुणी बांधायचा?"

दादानं सुटकेचा श्वास टाकला, ठकीचा गणवेशाचा कोट काउंटरवर ठेवला, "बाह्या आखूड झाल्यात, तेवढ्या सोडून दे" म्हणाला आणि निघून गेला. तो वळणाआड दिसेनासा झाला मात्र... आत्यानं तो कोट उराशी धरला आणि त्यात तोंड खुपसून ती ढसाढसा रडली!

ठकी! दादाची लेक. थोरल्या वहिनी बाळंतपणातून उठल्याच नाहीत, आणि तो मुठीएवढा जीव दादानं बहिणीच्या ओटीत घातला. आत्याचं लग्न ठरत आलं होतं, ते तिनं स्वतःच मोडलं. पोरीला बोलता येऊ लागलं तशी तिच्या तोंडून पहिली हाक आली ती "आई"! ती ऐकताना आत्याला वाटलं होतं, आता देवाकडे मागायला काही उरलंच नाही. ठकीला डावं-उजवं मात्र काही केल्या कळत नसे. चप्पल उलटी, बूट उलटा. म्हणून आत्या तिच्या प्रत्येक फ्रॉकच्या डाव्या बाहीला आतून लाल धागा घालायची. धाग्याचा तो डावा, बिनधाग्याचा तो उजवा! पण कपडा उलटा करून शिवताना आत्याचीच गफलत व्हायची आणि धागा नेमका उजवीकडे पडायचा. मग ठकी टाळ्या पिटत घर डोक्यावर घ्यायची, "आई चुकली! आई परत चुकली!"

पुढे दादानं दुसरं लग्न केलं. नव्या वहिनी स्वभावानं गरीब, पण ठकी त्यांच्या हातचा घास घेईना, त्यांच्या कुशीत झोपेना. वहिनी मोरीचा नळ सोडून त्याच्या आवाजात रडत. एक दिवस आत्यानं ते ऐकलं, आणि तिला कळून चुकलं, की आपण या घरात आहोत तोवर ही पोर कधीच त्यांची होणार नाही! तिनं ठकीला समोर उभं केलं. "आजपासून यांना आई म्हणायचं. मी आत्या. समजलं?" दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उचलून ती शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत राहायला आली.

ठकी खिडकीशी बसून वाट बघत राहिली. आत्या काळजावर दगड ठेवून गेलीच नाही. आणि ठकीनं ते कधी माफ केलं नाही! शाळेचा रस्ता दुकानावरूनच जायचा, पण ठकी जाता-येता मान पलीकडे वळवून जायची. पंधरा वर्षांची झाली, तुकडीची प्रमुख झाली, तरी एक नजरसुद्धा नाही... एवढी शिक्षा?

त्या दिवशी बाह्या सोडताना आत्याच्या डोळ्यांना धड दिसत नव्हतं. काम संपलं, पण हात थांबेना. तिनं लाल धागा ओवला, उलट्या कोटाच्या बाहीत बारीक टाके घातले आणि तसाच घडी घालून पाठवून दिला.

परेडच्या दिवशी ती जाणार नव्हती. खरंच नव्हती! पण बॅंडचा आवाज दुकानापर्यंत आला आणि तिच्यानं राहवेना. पास नव्हता, म्हणून मागच्या फाटकातून शिरली आणि मैदानाच्या पलीकडच्या भिंतीशी, पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ चोरासारखी उभी राहिली. समोर मंडपात पाहुणे, पहिल्या रांगेत दादा आणि वहिनी, वहिनींच्या मांडीवर तबक, तबकात निळा पट्टा.

आणि तुकडी आली! सगळ्यांच्या पुढे ठकी. पाठ कशी ताठ, हनुवटी कशी वर! "माझी बाई ती..." आत्या पुटपुटली आणि पटकन जीभ चावली. तुकडी मंडपासमोर आली. पाहुणे उजव्या हाताला. आता "उजवीकडे नजर" असा हुकूम व्हायचा आणि सगळ्यांनी पाहुण्यांकडे वळून पाहायचं.

"परेड!" ठकीचा खणखणीत आवाज आला. "डावीकडे... नजर!"

सगळ्या माना खटकन डावीकडे वळल्या. मंडपाकडे पाठ आणि नळाकडे तोंडं! प्रमुख पाहुण्यांचा सलामीसाठी उचललेला हात तसाच राहिला. खुर्च्यांमधून हशा उठला.

आत्याला एकदम आठवलं. धागा! कोट उलटा होता... आपण धागा उजव्या बाहीला घातला! पोरीनं ऐन वेळी मनगट चाचपलं असणार आणि पाहुणे धाग्याच्या हाताला, म्हणजे डावीकडे, असं समजून फसली असणार! "अरे देवा, काय करून बसले मी हे!"

मानाचा पट्टा दुसऱ्या तुकडीच्या प्रमुखाला मिळाला. वहिनींच्या मांडीवरचं तबक कुणीतरी उचलून नेलं, आणि त्या आपल्या रिकाम्या हातांकडे बघत बसल्या. परेड मोडल्यावर कवायतीचे मास्तर ठकीला नळापाशी घेऊन आले आणि तिला फैलावर घेऊ लागले. तिच्यामागोमाग दादा-वहिनीही आले. आत्यानं धावत जाऊन मास्तरांपुढे हात जोडले.

"सर, तिला बोलू नका! चूक माझी आहे! तिच्या बाहीत मी खुणेचा धागा घातला, तो चुकीच्या बाजूला पडला. पट्टा तिचाच आहे हो सर... मला काय बोलायचं ते बोला!"

मास्तर गोंधळून दोघींकडे बघू लागले. ठकीनं सावकाश बाह्या उलटल्या. उजव्या बाहीत नुसती उसवल्याची भोकं होती. आणि डाव्या बाहीत तोच लाल धागा, वेड्यावाकड्या, नवशिक्या टाक्यांनी घातलेला.

"तू परत चुकली होतीस," ठकी म्हणाली. तिचा आवाज आता मुळीच खणखणीत नव्हता. "काल मी उसवून नीट लावला. सर, मी फसले नाही. मला पक्कं माहीत होतं, डावं कुठलं ते. डावीकडे... डावीकडे ही उभी दिसली. रोज दुकानावरून मान फिरवून जाते मी... रोज! एकदा तरी नीट बघायचं होतं हिच्याकडे..."

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि ते निघून गेले.

"का गेलीस तू?" ठकीनं आत्याचे दोन्ही खांदे धरले. "मी काय केलं होतं गं?"

वहिनीच पुढे झाल्या. "माझ्यासाठी गेल्या त्या. वन्सं, मी तुम्हाला जा म्हटलं नव्हतं हो... पण थांबाही म्हटलं नाही!" आणि त्या रडू लागल्या.

ठकीनं आत्याच्या गळ्यात हात टाकले. "आ..." एवढंच अक्षर तिच्या ओठांवर आलं, आणि आत्यानं चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. वर्षानुवर्षं ज्या हाकेसाठी जीव तळमळला, ती दोन बोटांवर आली होती! तिनं ठकीच्या खांद्यावरून वहिनींकडे पाहिलं. पहाटे उठून केस ठाकठीक केलेल्या, पट्टा बांधायला आलेल्या वहिनी. त्यांचे हात अजून रिकामेच होते.

"त्यांचा पट्टा गेला माझ्यापायी," ती ठकीच्या कानात म्हणाली. "आता ही हाक तरी त्यांची जाऊ देऊ नकोस, बाळा. माझ्याकडे तू बघितलंस. मला पुष्कळ झालं."

"आणि तुझं काय?"

"माझं काय? तू येत जा दुकानात. सरळ मान ठेवून."

ठकी कितीतरी वेळ तिला बिलगून राहिली. मग तिनं डोळे पुसले, कोट खाली ओढून नीट केला आणि वहिनींकडे वळली.

"आई!" तिनं हाक मारली.

वहिनींनी दोन्ही हात पसरले. आणि नळापाशी उभ्या असलेल्या आत्यानं, ओठांवर आलेली "ओ" तशीच गिळून टाकली.