वगळलेलं घर

आतल्या खोलीत साखरेच्या डब्याचा तळ चमच्यानं खरवडल्याचा आवाज आला, आणि बाहेरच्या खोलीतली शांतता मोडली.

ती शांतता स्वप्नालीच्याच प्रश्नानं पसरली होती. "जुलैत टॅक्सीचं किती मिळालं?" एवढंच तिनं विचारलं होतं. विश्वजित खिडकीकडं बघत बसला. महाबळेश्वरचं धुकं असं उतरलं होतं की दारातली त्याची गाडीही दिसत नव्हती. उत्तर आलं ते आतून, चहा टाकणाऱ्या त्याच्या आईच्या डब्यातून… आणि ते तिनं ऐकलंय, हे त्यानं पाहिलं.

"मी बिनसाखरेचाच घेते," ती घाईनं म्हणाली.

"मघाशी टपरीवर तर 'गोड करा हं' म्हणत होतात."

"तुम्ही होतात तिथं?"

"छत्री उलटी झाली तुमची. ती धरली कुणी?"

रेनकोटच्या टोपीआडचा तो चेहरा तिला तेव्हा दिसला नव्हता. आता दिसला, आणि जरा जास्तच वेळ दिसत राहिला.

स्वप्नाली माणच्या मेंढपाळाची लेक. शिकत शिकत अर्थतज्ज्ञ झाली. घटस्फोटानंतर लहानग्या श्रद्धाला घेऊन साताऱ्यात राहायची. ज्यांची कमाई कधी येते, कधी गायब होते, अशा घरांचा तिचा अभ्यास होता. म्हणून दर महिन्याला तेच घर, तोच प्रश्न.

"दर महिन्याला कशाला विचारता, मॅडम? वर्षाचं एकदम सांगतो की."

"वर्षाची सरासरी काढली की तुमची गाडी बाराही महिने चालते. कागदावर."

"मग त्या सरासरीला म्हणावं, श्रावणात आमच्यात जेवायला ये."

ती हसली. लिहायचं राहूनच गेलं.

दिवाळीत रस्ते गाड्यांनी भरले, तेव्हा त्यानं तिला धावत्या गाडीतच उत्तरं दिली. थंडीत स्ट्रॉबेरीचा द्रोण पुढं केला.

"नियमात बसत नाही," ती म्हणाली. "ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्याकडून काही घ्यायचं नसतं."

"श्रद्धाला द्या. ती कुठं अभ्यास करते?"

परतीच्या एसटीत द्रोण मांडीवर होता. श्रद्धापर्यंत निम्माच पोचला…

मार्चमध्ये ती आली ती वही न काढताच बसली.

"पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. तुमचं घर अभ्यासातून वगळतेय."

त्याचा चेहरा उतरला. "खोटं सांगितलं का मी काही?"

"नाही."

"मग?"

"ज्याला प्रश्न विचारायचे, त्याच्याबद्दल आपलं काही… मत असू नये."

"आणि तुमचं झालंय?"

"झालंय."

"चांगलं का वाईट?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "एवढ्या महिन्यांचं काम पाण्यात घालण्याइतकं."

तो जरा पुढं सरकून बसला. मग हळूच म्हणाला, "मग आता एक प्रश्न मी विचारू?"

"विचारा की."

"पुढच्या महिन्यात काम नसताना… याल?"

ती आली. आणि मे महिन्यात, लग्न ठरवलंय हे सांगायला, श्रद्धाला घेऊन कुपवाडला भावाच्या पहिल्या मजल्यावरच्या घरी गेली; विश्वजित खाली गाडीतच थांबला. दादासो तिथल्या कारखान्यात कामाला होता. तिच्या फीसाठी त्यानं डबल पाळ्या केल्या होत्या. त्याचा शब्द तिला हवा होता.

"आबांनी मेंढरं राखून तुला डॉक्टरेट केली ती टॅक्सीवाल्याला द्यायला व्हय? चार महिने बसून खानारा."

"बसून खात नाही, दादा. बसून पोट मारतो. सात वर्षं मी तेच तर अभ्यासतेय."

"पहिला काय वाईट हुता? पर्मनंट हुता."

"पगार एक तारखेला यायचा. माणूस मात्र घरी कधीच आला नाही."

दादासोनं दार जरा लोटून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "लोकं म्हनतील, वर चढलेली पोरगी खाली उतरली."

"वर कुठलं आणि खाली कुठलं, हे लोकांनी मला विचारावं. माझा विषयच तो आहे." ती उठली. "तू आलास तर लग्न थाटात होईल. नाही आलास तरी होईल."

"सपने… जेवून तरी जा की गं."

"लग्नात जेवू. तू वाढ."

तो हसला नाही. पण दारापर्यंत आला, आणि खाली उभ्या गाडीकडं त्यानं वाकून बघितलं.

"गाडी सवताची हाय?"

"हप्ते चालू आहेत."

"टायर बदलाय सांग त्याला," म्हणून तो आत वळला.

गाडी साताऱ्याच्या रस्त्याला लागली. विश्वजितनं एकदाच तिच्याकडं पाहिलं आणि गिअरवरच्या हाताचं एक बोट तिच्या बोटाला लावलं. तिनं ते तसंच राहू दिलं. मागच्या सीटवर श्रद्धा होती. मामाच्या घरातलं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं. ती दोघांच्या मधून पुढं वाकली.

"आई, मग पावसाळ्यात आपण गरीब होणार?"