फेरीतली रिकामी खुर्ची

मी चाळीस वर्षं पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवली. घाबरवून शिकवलेलं मुलांच्या डोक्यात राहत नाही, म्हणून भुताच्या गोष्टी मी वर्गात कधीच सांगितल्या नाहीत.

ही गोष्ट नाही. हे माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात घडलं. सान हुआन शहरात, ऑगस्टमधल्या एका भर दुपारी.

त्या दिवशी सोंदा सुटला होता.

डोंगरावरून हा वारा उतरला की आमचं शहर दारं लावून घेतं. भट्टीसारखा गरम, धुळीने भरलेला वारा. आम्ही खिडक्यांच्या झडपा बंद केल्या, दारांच्या फटींत ओली फडकी कोंबली. तेवढ्यात वीज गेली.

भर दुपारी मिट्ट काळोख.

आम्ही तिघी टेबलाशी होतो. माझी थोरली बहीण देल्फिना, तिची मुलगी नोएमी आणि मी. देल्फिना कडू चहा ओतत होती. आमच्याकडे चहाला पेले नसतात; वाळवून पोखरलेला एकच छोटा भोपळा सगळ्यांत फिरतो, त्यात धातूची एकच नळी. ओतणारी भरून देते, तुम्ही पिऊन तिला परत करता. पुरे झालं की 'आभार' म्हणायचं. म्हटलं की तुम्ही फेरीतून बाहेर. न म्हणणाऱ्याला भोपळा मिळतच राहतो.

ओतणारी मात्र 'आभार' म्हणत नाही. कधीच नाही.

मायलेकींचं भांडण चाललं होतं. देल्फिनाचा नवरा बासिलियो तीन वर्षांपूर्वी वरच्या कुरणातून बकऱ्या उतरवायला गेला आणि बर्फाच्या वादळात सापडला. प्रेत मिळालं नाही. देल्फिनाने चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थनाही होऊ दिली नव्हती.

"आई, रविवारी प्रार्थना आहे. मी पाद्रींना सांगून आलेय."

"मग तूच जा. माझा नवरा मेलेला नाही."

"अगं, तीन वर्षं! टेबलाशी त्याची खुर्ची मांडून ठेवतेस, लोक हसतात!"

"त्यांना म्हणावं, हसून झालं की घरी जा."

"बोला हिच्याशी! मावशी, तू तरी सांग हिला. आभार, मला नको आणखी!"

भोपळा आदळून नोएमी आतल्या खोलीत गेली. मीही उठले. फडकी सुकली होती, ती पुन्हा भिजवून आणली. चाचपडत परत खुर्चीत बसले.

फेरी चालूच होती.

मी पिऊन भोपळा परत दिला. देल्फिनाने भरला. पलीकडे दिला...

सुर्रर्र...

तळाशी पोचलेल्या नळीचा आवाज. मला बरं वाटलं. पोरगी राग गिळून परत आली म्हणायची.

माझी पाळी आली. नळी ओठांना लावली...

ती बर्फासारखी गार होती.

आतला चहा उकळता. नळी गार.

"नोएमी," मी म्हटलं, "आईला जरा वेळ दे."



उत्तर आलं ते आतल्या खोलीतून, बंद दाराआडून.

"मावशी, डोकं फुटतंय गं माझं. गोळी आहे का?"

देल्फिनाने माझ्या हातातून भोपळा घेतला, भरला आणि पलीकडे दिला.

सुर्रर्र...

"देल्फी," मी कुजबुजले, "तिकडे कोण आहे?"

"हळू बोल. किती लांबून आलाय. बोटं बघ कशी गारठलीत त्याची."

"ओतू नकोस."

"त्याने अजून पुरे म्हटलेलं नाही, क्लेलिया."

तिच्या आवाजात एवढा आनंद मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. बाहेर पत्रे उडत होते. आणि खोलीत... ओल्या लोकरीचा वास. बर्फाचा वास.

मी वर्गात बोलायचे त्या आवाजात बोलले.

"बासिलियो, आभार म्हण आणि जा. तिला इथेच राहू दे."

नळीचा आवाज थांबला.



मग कोणीतरी हळूच म्हणालं, "आभार."

आवाज देल्फिनाचा होता.

किटली खाली पडली. मी ओरडले. नोएमी धावत आली, तिने झडप उघडली.

देल्फिना खुर्चीतच होती. चेहरा डावीकडे, रिकाम्या खुर्चीकडे वळलेला. ओठ निळे. भुवयांवर पांढरं काहीतरी साचलेलं. मला वाटलं धूळ. मी पुसायला गेले...

ते माझ्या बोटांवर वितळलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. सोंद्यात असं होतं.

रविवारी पाद्रींनी दोघांची नावं घेतली. मला वाटलं, संपलं.

या ऑगस्टमध्ये पुन्हा सोंदा सुटला. मी नोएमीकडे होते. झडपा लावलेल्या, पण दिवा चालू होता. आम्ही दोघीच. ती ओतत होती, आणि शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीच्या लग्नाचं हसत हसत सांगत होती.

मी भोपळा परत दिला. तिने भरला. आणि बोलता बोलता हात डावीकडे लांबवला...

डावीकडे भिंत होती. आणि एक खुर्ची.

"नोएमी!"

"काय गं? केवढ्यांदा ओरडलीस!"

तिने हात मागे घेतला. मी भोपळ्यात वाकून पाहिलं.

रिकामा.

तिला मी काही सांगितलेलं नाही. फक्त म्हटलं, आजपासून मी ओतेन. तेव्हापासून या घरात मीच ओतते.

त्या दुपारी 'आभार' म्हणाली ती माझी बहीण.

त्याने अजून म्हटलेलं नाही.